मेंदूतील परिपथ, मनोविकारांवरील उपचार आणि समन्याय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूतील ‘परिपथ’ म्हणजे नेमके काय?

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एकट्या चेतापेशीच्या हातून फारसे काही होत नाही. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतील पेशींचे समूह ठरावीक वाटांनी एकमेकांना संदेश पाठवतात, त्या संदेशांचे उत्तर फिरून त्यांच्याकडेच येते आणि या येण्याजाण्यातून भीती, गोडी, सवय, लक्ष यांसारख्या गोष्टी घडतात. अशा बांधलेल्या वाटेला परिपथ म्हणतात.

अंधारात पायाशी दोरी दिसली की साप समजून आपण दचकतो. तो धोक्याचा इशारा देण्यात अमिग्डला या बदामाएवढ्या भागाचा मोठा वाटा असतो. आपण कुठे आहोत, ही दोरी इथे कालही पडलेली होती का, ही आठवण हिप्पोकॅम्पस पुरवतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स सगळ्याचा ताळमेळ घालून इशारा शांत करतो. दचकणे हा आजार नव्हे. दोरी ओळखल्यानंतरही इशारा वाजतच राहिला, तर त्रास सुरू होतो.

मंत्रचळाचे, म्हणजे ओसीडीचे, उदाहरण याहून बोलके आहे. दाराला कुलूप लावलेले असते, ते हाताने ओढूनही पाहिलेले असते, तरी ‘झाले’ ही खूणगाठ मनात बसत नाही आणि माणूस जिन्यावरून पुन्हा परत येतो, एकदा नव्हे, दहा वेळा. कुलूप लागले आहे, हे त्याला कळत असते आणि तरीही थांबता येत नसते. संशोधकांच्या मते कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचे बाह्य आवरण, आणि मेंदूच्या आत खोल असलेले स्ट्रायटम व थॅलॅमस हे भाग यांच्यामधून फिरून पुन्हा कॉर्टेक्सकडे येणाऱ्या परिपथात इथे बिघाड असतो.

पूर्वी तर मनोविकार म्हणजे ‘मेंदूतील रसायनांचे असंतुलन’ असे सांगितले जायचे. ते चूक होते का?

ते अपुरे होते आणि गरजेपेक्षा अधिक ठामपणे सांगितले गेले. मनोविकारांवरील औषधांपैकी लिथियमचा उपयोग १९४९ मध्ये आणि क्लोरप्रोमाझिनचा १९५२ मध्ये पुढे आला. औषधे बऱ्याच अंशी योगायोगाने सापडली आणि ती का लागू पडतात याची स्पष्टीकरणे नंतर रचली गेली. ‘नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाची कमतरता’ या सरळ सूत्राला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. मात्र सूत्र ढासळले म्हणून औषधे निरुपयोगी ठरत नाहीत, कारण अनेकांना त्यांचा खरोखरच गुण येतो. अडचण अशी की गोळी सगळ्या मेंदूत पसरते आणि तेच सेरोटोनिन वेगवेगळ्या परिपथांत वेगवेगळी कामे करत असते. रसायन किती, या प्रश्नाच्या जोडीने ते कोणत्या वाटेवर, कोणत्या वेळी आणि कशासाठी, हेही विचारावे लागते.

परिपथांचा अभ्यास करतात तरी कसा?

प्राण्यांमध्ये अतिशय बारकाईने आणि माणसांमध्ये बहुतेक वेळा आडवळणाने.

कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ऑप्टोजेनेटिक्स हे तंत्र पुढे आणले. शेवाळातील एक प्रकाशसंवेदी प्रथिन चेतापेशींत घातले, की प्रकाशाची तिरीप टाकून नेमक्या त्याच पेशी जागृत करता येतात. डायसेरॉथ स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, ही बाब मला महत्त्वाची वाटते, कारण प्रयोगशाळा आणि रुग्णाची खुर्ची यांच्यातले अंतर अशाच माणसांमुळे कमी होते.

माणसांवर असे प्रयोग सहसा करता येत नाहीत. एफएमआरआय हे यंत्र चेतापेशींचे संदेश थेट पाहत नाही. काम करणाऱ्या भागाकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक येते, त्या बदलावरून ते अंदाज बांधते. ईईजी डोक्याच्या त्वचेवरून विद्युतलहरी टिपतो. त्याला क्षणाक्षणाचे बदल कळतात, पण ते नेमके कुठून आले, हे नीट सांगता येत नाही. अवघ्या ३०२ चेतापेशी असलेल्या एका सूक्ष्म कृमीचा जोडणी-नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशींचा संपूर्ण नकाशा हाती यायला २०२४ साल उजाडले. माणसाच्या मेंदूपर्यंतची वाट किती लांब आहे, ते यावरून कळावे.

मेंदूचा एमआरआय काढून नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया ओळखता येतो का?

नाही. शंभर रुग्ण आणि शंभर निरोगी माणसे यांच्या सरासरीत फरक दिसू शकतो. पण समोर बसलेल्या एका व्यक्तीच्या चित्रावरून निदान करता येईल, इतका तो फरक स्पष्ट नसतो. मेंदूची रचना आणि वर्तन यांच्यातील असे संबंध खात्रीने सांगायचे, तर हजारो लोकांची मोजणी लागते, असे २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवले आणि तोवरचे बरेचसे अभ्यास त्यापेक्षा फारच लहान होते. डॉक्टर कधीकधी एमआरआय सांगतात, तो गाठ, रक्तस्राव यांसारखी दुसरी कारणे नाहीत ना, हे पाहण्यासाठी. ‘स्कॅन पाहून तुमच्या मनाचा आजार सांगतो’ असे कोणी म्हणत असेल, तर त्यावर पैसे खर्च करू नयेत.

मग रुग्णांच्या हाती प्रत्यक्ष काय आले?

काही ठोस गोष्टी आल्या आणि काही आशांना धक्काही बसला. दोन्ही सांगायला हव्यात.

हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सहा रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. या सहाही जणांचे नैराश्य आधीच्या अनेक उपचारांना दाद देत नव्हते. मेंदूत खोलवर, ज्याला ‘क्षेत्र २५’ म्हणतात तिथे, बारीक तारा बसवून सौम्य विद्युतप्रवाह दिला गेला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जागे असलेल्या रुग्णांनी प्रवाह सुरू होताच आपण होऊन सांगितले, की आतली पोकळी नाहीशी झाली आहे, हलके वाटते आहे, खोली अचानक उजळली आहे. सहापैकी चौघांची सुधारणा सहा महिन्यांनंतरही टिकून होती.

त्यानंतर ९० रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. यंत्र सगळ्यांनाच बसवले होते, पण काहींचे सुरू आणि काहींचे बंद ठेवून तुलना केली गेली, तेव्हा सहा महिन्यांत दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही आणि चाचणी पुढे थांबवण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच अहवालात असेही नोंदवले आहे, की सर्वांची यंत्रे सुरू ठेवल्यावर दोन वर्षांनी जवळपास निम्म्या रुग्णांत चांगली सुधारणा होती. मात्र तेव्हा तुलनेसाठी दुसरा गट उरला नव्हता. तार नेमकी कोणत्या तंतूंजवळ जावी आणि परिणामाची वाट किती काळ पाहावी, हे प्रश्न या अपयशातूनच नेमकेपणाने पुढे आले.

ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजेच टीएमएस, या उपचारात शस्त्रक्रिया नसते. डोक्याला टेकवलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदने दिली जातात, टकटक असा आवाज येत राहतो आणि आधी स्पंदनाची ताकद वाढवत नेऊन रुग्णाचा अंगठा किंचित कधी हलतो, ते पाहून मात्रा ठरवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणे यांच्या नियामक संस्थेने नैराश्यासाठी याला २००८ मध्ये परवानगी दिली आणि मंत्रचळासाठी २०१८ मध्ये.

यात समन्यायाचा, म्हणजे उपचार आणि संशोधन यांचा लाभ सर्वांपर्यंत न्याय्यपणे पोहोचण्याचा, प्रश्न कुठे येतो? तो तर धोरणाचा विषय आहे.

टीएमएसचाच विचार करू. नेहमीच्या पद्धतीत आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे रोज केंद्रावर जावे लागते. रोजंदारीवर काम करणाऱ्याचा तेवढ्या दिवसांचा मोबदला बुडतो. घरी तान्हे मूल असलेल्या आईला ते सांभाळायला कोणीतरी लागते. गावापासून केंद्र लांब असेल, तर उपचाराच्या खर्चाहून प्रवासच भारी पडतो. कागदावर हा उपचार सर्वांना खुला असतो, तरी पूर्ण करणे काहींनाच शक्य होते.

पण याच ठिकाणी परिपथांच्या ज्ञानाने वाट काढून दिली. मेंदूच्या स्वाभाविक लयीशी मिळतीजुळती स्पंदने, ज्यांना थीटा बर्स्ट म्हणतात, दिली तर साडेसदतीस मिनिटांच्या सत्राऐवजी सुमारे तीन मिनिटांचे सत्रही तितकेच उपयोगी पडते, असे कॅनडातील ४१४ रुग्णांच्या चाचणीत दिसले आणि ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच यंत्रावर दिवसात कितीतरी अधिक रुग्णांना उपचार देता येऊ लागले. पुढे पाच दिवसांत रोज दहा सत्रे देण्याची स्टॅनफर्डची पद्धत आली आणि तिला २०२२ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली. सहा आठवडे सुट्टी न मिळणाऱ्याला पाच दिवसांची मिळू शकते. अर्थात त्या पद्धतीत प्रत्येकाचा मेंदू आधी एमआरआयने पाहून जागा ठरवतात, म्हणजे एक अडसर दूर होताना दुसरा उभा राहतो.

उपचाराची रचना करतानाच तो कोणाला घेता येणार आहे, हे विचारले, तर प्रयोगाचे प्रश्नही बदलतात. म्हणून समन्याय हे संशोधन संपल्यावर करायचे धर्मकार्य आहे, असे मी मानत नाही.

संशोधनात कोणाचे मेंदू मोजले जातात, याने विज्ञानात काय बिघडते?

बरेच काही बिघडते. मानसशास्त्रातील अभ्यासांचे ९६ टक्के नमुने जगाच्या अवघ्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून येतात, हे २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी मांडले. जनुकीय अभ्यासांत तर सहभागींपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे असल्याचे २०१९ मधील एका आढाव्यात दिसले. त्यावरून बेतलेली आजाराच्या जोखमीची गणिते इतर वंशांच्या लोकांना लावली, की अचूकता घसरते. स्किझोफ्रेनियाची जोखीम सांगणारा एखादा आकडा उद्या दवाखान्यात वापरात आला, तर ज्यांची मोजणीच झाली नाही त्यांना तो सर्वांत चुकीचा लागू होईल.

ईईजीची गोष्ट तर अगदी हाताने चाचपून पाहण्यासारखी आहे. इलेक्ट्रोड त्वचेला नीट टेकला, तरच लहरी स्वच्छ मिळतात. तंत्रज्ञ केस बाजूला सारतो, त्वचा पुसतो, जेल लावतो आणि चकती दाबून बसवतो. सरळ, विरळ केसांवर हे काम पटकन होते. दाट, कुरळ्या केसांत किंवा घट्ट वेण्यांत चकती वर उचलली जाते, नोंदीत खरखर येते आणि मग ‘नोंद खराब’ म्हणून त्या व्यक्तीची माहिती अभ्यासातून वगळली जाते. वर्णभेदाचा हेतू कोणाच्याही मनात नसला, तरी अंतिम तक्त्यातून कृष्णवर्णीय सहभागी गळून पडतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात अर्नेल एटियेन या विद्यार्थिनीने वेण्यांच्या ओळींमध्ये पकडून राहणारे इलेक्ट्रोड तयार केले. ज्यांनी हा त्रास जवळून पाहिला, त्यांच्या हातून त्यावरचा उपायही निघाला.

गरिबी, हिंसा, भेदभाव यांचा परिपथांवर परिणाम होतो का?

परिणाम होतो, याचे भक्कम पुरावे आहेत. मात्र तो किती, कसा आणि कितपत परत फिरवता येतो, याबाबत सावध राहावे लागते.

सर्वांत स्पष्ट पुरावा रोमानियातील अनाथालयांतून आला. २००० च्या सुमारास बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात १३६ बालकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने, पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. वयाची दोन वर्षे पूर्ण होण्याआधी घर मिळालेल्या मुलांच्या मेंदूलहरी आठव्या वर्षी, कधीच अनाथालयात न राहिलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा घर मिळालेल्यांच्या तशा दिसल्या नाहीत.

पैशांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील १,०९९ मुलांच्या व तरुणांच्या २०१५ मधील अभ्यासात कुटुंबाचे उत्पन्न आणि मेंदूच्या बाह्य आवरणाचे क्षेत्रफळ यांचा संबंध आढळला आणि सर्वांत गरीब घरांत उत्पन्नातील थोड्या फरकाशीही मोठा फरक निगडित होता. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. म्हणून पुढे १,००० गरीब मातांना बाळाच्या जन्मापासून दरमहा ३३३ डॉलर किंवा २० डॉलर देऊन तुलना करण्यात आली. पहिल्या वर्षी मेंदूलहरींत फरकाची चिन्हे दिसली, परंतु मुले चार वर्षांची झाली तेव्हा मोजलेल्या बहुतेक गोष्टींत स्पष्ट फरक आढळला नाही. गरिबांना मदत करावी की नाही, याचे उत्तर मेंदूच्या चित्रावर टांगून ठेवू नये, असे मला या निष्कर्षामुळे अधिकच वाटते. पोटभर अन्न आणि सुरक्षित छप्पर मिळण्यासाठी कोणाच्या कॉर्टेक्सची साक्ष लागू नये.

म्हणजे गरिबांचा मेंदू ‘कमी’ असतो, असे म्हणायचे का?

मुळीच नाही. सततच्या धोक्यात वाढलेला मेंदू धोका लवकर ओळखायला शिकतो. त्या परिस्थितीत ते उपयोगाचेच असते. परिस्थिती बदलल्यावरही तीच सवय टिकून राहिली, की तिचा जाच होतो.

‘हा मेंदूचा आजार आहे’ असे सांगितल्याने कलंक कमी होतो का?

अर्धाच होतो. जैविक कारण सांगितले, की लोक रुग्णाला दोष कमी देतात, ‘मनावर घेतलेस तर बरा होशील’ हे बोलणे थांबते. पण त्याच वेळी आजार कायमचा आहे, माणूस धोकादायक आहे, अशा समजुती वाढू शकतात, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले आहे. परिपथ अनुभवाने बदलतात, मानसोपचाराने आणि आधारानेही बदलतात, हे वाक्य सोबत जोडल्याशिवाय रुग्णाला किंवा घरच्यांना ‘मेंदूचा आजार’ एवढेच सांगू नये.

जिथे मनोविकारतज्ज्ञच नाहीत, तिथे इतक्या महागड्या संशोधनाचा काय उपयोग?

हा राग रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दर आठ माणसांमागे एक जण कोणत्या ना कोणत्या मानसिक विकारासह जगतो. देश आरोग्याच्या खर्चातील सरासरी दोन टक्केच रक्कम मानसिक आरोग्यावर खर्च करतात. आणि सायकोसिस, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याचा विकार, असलेल्यांपैकी श्रीमंत देशांत ७० टक्के लोकांना, तर सर्वांत गरीब देशांत १२ टक्के लोकांनाच उपचार मिळतात.

तरीही हे दोन परस्परविरोधी मार्ग आहेत, असे मला वाटत नाही. झिम्बाब्वेमध्ये मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांदा यांनी सुरू केलेल्या उपक्रमात प्रशिक्षित आज्या दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून लोकांच्या अडचणी ऐकतात आणि एकेक अडचण सोडवायला मदत करतात. त्या ‘नैराश्य’ हा शब्दही सहसा वापरत नाहीत. ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे, हा लोकांच्याच तोंडचा शब्द वापरतात. ५७३ जणांच्या चाचणीत या बाकाचा चांगला परिणाम दिसला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला, तेव्हा तीव्र नैराश्यातून बाहेर पडलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के होते. तो न मिळालेल्या गटात ३९ टक्के.

गोव्यातील उपचाराचा गाभा असा, की बरे वाटण्याची वाट न पाहता माणसाने अर्थपूर्ण, आनंद देणारी छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करायची. परिपथांच्या भाषेत सांगायचे, तर गोडी आणि प्रेरणा यांच्याशी निगडित परिपथाला पुन्हा काम द्यायचे. प्रयोगशाळेत डोपामिन या प्रेरणेशी निगडित रसायनाच्या वाटा तपासणारा संशोधक आणि रुग्णाच्या वहीत ‘उद्या सकाळी शेजारणीकडे जाऊन येणे’ असे लिहून देणारी समुपदेशक एकाच गोष्टीवर दोन टोकांनी काम करत आहेत. कोणत्या रुग्णाला एवढ्याने पुरेल आणि कोणाला औषध किंवा टीएमएस लागेल, हे आधी ओळखता आले, तर अपुऱ्या साधनांच्या ठिकाणी त्याचा सर्वाधिक फायदा होईल.

मेंदूशास्त्राचा पूर्वी गैरवापर झाला आहे ना?

झाला आहे आणि तो विसरता कामा नये. गुलामीतून पळून जाणे हा आजार असल्याचे सॅम्युएल कार्टराइट या अमेरिकन डॉक्टरने १८५१ मध्ये लिहिले. मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले. त्या शस्त्रक्रियेने असंख्य माणसांचे व्यक्तिमत्त्वच हिरावले आणि अनेक ठिकाणी ती झालेल्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळली. ज्यांना समाजाने आधीच दाबलेले असते, त्यांच्यावरच अपुरे ज्ञान सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात वापरले जाते.

मेंदूतून मिळालेल्या माहितीवर हक्क कोणाचा?

बहुतेक देशांत याचे स्पष्ट उत्तर अजून कायद्यात नाही. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत बदल करून मेंदूच्या व्यवहारांना आणि त्यातून मिळणाऱ्या माहितीला संरक्षण दिले.

मी सध्या औषधे घेत आहे. नवे उपचार येईपर्यंत ती थांबवू का?

थांबवू नका. औषध अचानक बंद केल्याने आजार उलटू शकतो आणि काही औषधांच्या बाबतीत बंद केल्याचाच वेगळा त्रास होतो. बदल हवा असेल, तर तो डॉक्टरांशी बोलून, हळूहळू करावा.

अशा संशोधनात सहभागी व्हाल का, असे विचारले तर काय विचारावे?

होकार देण्याआधी वेळ मागून घ्या आणि शक्यतो विश्वासातल्या एका माणसाला सोबत न्या, कारण आजाराच्या भरात एकट्याने संमतीपत्र वाचणे कठीण जाते. नकार दिला, तरी माझे नेहमीचे उपचार सुरू राहतील का, हे आधी विचारा. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला मोबदला मिळणार का, माझी माहिती कोणाकडे जाणार, निष्कर्ष मला माझ्या भाषेत कळवणार का आणि अभ्यासाची आखणी करताना हा आजार भोगलेल्यांपैकी कोणी सोबत होते का, हेही विचारा. मेंदूत यंत्र बसवायचे असेल, तर आणखी एक प्रश्न लेखी उत्तर मिळाल्याशिवाय सोडू नका : अभ्यास संपल्यावर किंवा कंपनी बंद पडल्यावर, बॅटरी संपली तर ती कोण आणि कोणाच्या खर्चाने बदलणार?